हॉलमध्ये हालचाल नाही

घरातले सेन्सर तारेनं जोडावेत की बिनतारी, या प्रश्नावर माणसानं किती विचार करावा याला काही मर्यादा असते. ती मर्यादा मी साधारण फेब्रुवारीतच ओलांडली. अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात मी बावीस वर्षं मोजमापाची यंत्रं शिकवतो. जे मोजता येतं ते मोजावं आणि जे मोजता येत नाही त्याबद्दल स्टाफरूममध्ये बोलावं, असा माझा स्वभाव आहे. त्यामुळे अकोल्याच्या घरात, म्हणजे माझ्या वडिलांच्या घरात, काय चाललंय ते अमरावतीत बसून कळायला हवं असं ठरवलं, तेव्हा मला हे काम दोन रविवारांचं वाटलं. कोणत्या वर्षातले दोन रविवार, असं माझ्या बायकोनं, संध्यानं, तेव्हाच विचारलं होतं. तिच्या या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, कारण तो तांत्रिक नव्हता.

हे सगळं कशासाठी ते एकदाच सांगतो, कारण तिथे फार वेळ थांबणं मला जमत नाही. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात बाबा बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. पेन्शन घेणाऱ्या माणसाला दरवर्षी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. रांग मोठी होती, मशीन बाबांचा अंगठा ओळखत नव्हतं, तीन तास गेले. त्या तीन तासांत आई स्वयंपाकघरात पडून होती. मी दुपारी दोनदा फोन केला. तिनं उचलला नाही, तेव्हा झोपली असेल म्हणून मी चहा प्यायला गेलो. डॉक्टर म्हणाले, तासाभरात आणलं असतं तर. ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही आणि मलाही आजवर करता आलेलं नाही.

तेव्हापासून बाबा अकोल्याच्या कौलखेड भागातल्या त्या घरात एकटे राहतात. वय एक्याऐंशी. अमरावतीला यायचं नाव काढलं की ते विषय बदलत नाहीत, सरळ उठून बाहेर जातात. मला एवढंच हवं होतं की त्या घरात पुन्हा कुणी पडलं तर मला लगेच कळावं.

मी रोज रात्री आठ वाजता त्यांना फोन करायचो, नाही असं नाही. पण त्या फोनमधून माहिती काय मिळायची? जेवले का, असं मी विचारायचो. ते हाव म्हणायचे. जेवण करून आणणाऱ्या मैनाबाईनं काय केलं होतं? भाजी. कोणती? हिरवी. मग दोघंही गप्प, आणि मग ठेवतो म्हणून ठेवायचं. बोलण्याचं खातं घरात आईकडे होतं. आम्ही बापलेक तिच्या दोन बाजूंना बसून तिच्यामार्फत बोलत आलो होतो. या चाळीस सेकंदांतून बाबा आठ वाजता जिवंत असतात एवढंच सिद्ध व्हायचं, आणि उरलेल्या तेवीस तास एकोणसाठ मिनिटांचं काय, हा प्रश्न मोजमापाच्या मास्तराला पडणं साहजिक होतं.

बाबा विरोध करतील असं वाटलं होतं, तो त्यांनी केला नाही. बाबांनी, म्हणजे पुंजाजींनी, चौतीस वर्षं कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्रात नोंदी घेतल्या आहेत. तापमापी वाचायची, पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, वहीत लिहायचं, रोज ठरल्या वेळी. माझ्या लग्नातही जेवणाची पंगत सोडून ते दुपारच्या नोंदीला सायकलवर जाऊन आले होते. यंत्राबद्दल त्यांना आदर आहे. मी सेन्सरचा डबा दाखवला तेव्हा त्यांनी तो कानाजवळ नेऊन ऐकला आणि विचारलं, हे रीडिंग किती वेळानं घेते? मी समजावून सांगितलं की हे सतत पाहत असतं, पण दिवसा सहा तास घरात काहीच हललं नाही तर माझ्या मोबाइलवर घंटा वाजते आणि लिहून येतं, 'हॉलमध्ये हालचाल नाही'.

"सहा तास," बाबा म्हणाले आणि कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

बातमी कॉलनीत पसरायला दोन दिवस लागले. मग सल्ले सुरू झाले. समोरचे देवमनकाका, एसटीतले निवृत्त कंडक्टर आणि बाबांचे जुने दोस्त, म्हणाले की या भानगडीपेक्षा एक कुत्रं पाळा, पडलं माणूस की ते भुंकते. कोपऱ्यावरच्या एका गृहस्थांनी भाडेकरू ठेवायला सांगितलं आणि मग आपल्या साळ्याला खोली हवी असल्याचंही सांगितलं. विहारात एका उपासकांनी बाबांचं दुसरं लग्न लावून द्यावं असं सुचवलं, तेही बाबांसमोर. बाबा म्हणाले, "बाई तारीनं आनाची का बिनतारी?" आईनंतर त्यांनी केलेला तो पहिला विनोद असावा. मी वहीत तारीख लिहून ठेवली.

अमरावतीत आमच्या शेजारच्या सागरनं सांगितलं की आजकाल तार कोणी वापरत नाही. सागर विमा विकतो, पण त्याला सगळ्यातलं कळतं. वायफाय घ्या, सर, डबे चिकटवा, झालं. तारेसाठी भिंती फोडाव्या लागतील हे खरं होतं, म्हणून मी वायफायवर शिक्का मारला.

वायफायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेटला अर्ज. अर्जावर घरमालकाची सही हवी होती. घर आईच्या नावावर. बाबांनी सत्तावन्न साली, तेरा-चौदा वर्षांचे असताना, लहान मुलासारखी पाटी हातात धरून शाळा सुरू केली, पण आयुष्यात पहिली मोठी वस्तू घेतली ती बायकोच्या नावावर, याचा त्यांना अभिमान आहे. कनेक्शनवाल्या ऑफिसातली मुलगी फोनवर फार गोड बोलत होती. ती म्हणाली, मग मॅडमनाच द्या ना फोन, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हणालो, त्या नाहीत. ती म्हणाली, कधी येतील?  मग मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, महापालिकेत नाव बदलायचा अर्ज, त्या अर्जाला जोडायला घरपट्टीची पावती, आणि पावतीवर आईचं नाव चतुराबाईऐवजी चित्राबाई. आपली आई आपली आईच होती हे सिद्ध करायला मला चार खेपा पडल्या. चौथ्या खेपेला खिडकीवरचा बाबू म्हणाला की कागद आता पक्के झाले. मला उगाच रडू आलं आणि त्याला वाटलं मी त्याच्यावर चिडलो.

जानेवारीच्या शेवटी डबे लागले. एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक मोरीच्या वाटेवर, आणि दारावर एक. जोडीला मी दिव्याचंही काम केलं होतं: माणूस आला की दिवा लागणार, माणूस नसला की विझणार. डब्याची नीट जागा ज्या भिंतीवर येत होती तिथे बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. त्या भिंतीत खिळा ठोकायला बाबांनी नाही म्हटलं आणि मीही आग्रह धरला नाही. डबा समोरच्या भिंतीवर गेला. त्यामुळे बाबा आरामखुर्चीत पेपर वाचायला बसले की त्याला दिसायचे ते फक्त पेपरचे कोपरे. दर दहा मिनिटांनी दिवा विझायचा आणि बाबा पेपर हलवायचे. देवमनकाका बाहेरून विचारायचे, कोणाले बोलावून राहिले?

अमरावतीत मात्र माझा रुबाब होता. स्टाफरूममध्ये मी मोबाइल काढून दाखवायचो: पाहा, सहा वाजता उठले, सव्वासहाला मोरीत, साडेसहाला वंदनेला तसबिरीसमोर, दहाला दार उघडलं, मैनाबाई आली. रात्री आठचा फोन करायची गरजच राहिली नव्हती. जे विचारायचं ते सगळं आधीच कळलेलं असायचं. प्रगती म्हणतात ती हीच, असं मी संध्याला सांगितलं. ती भांडी घासत होती. ती म्हणाली, हो का.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, भर तासात, घंटा वाजली. हॉलमध्ये हालचाल नाही. फोन लावला तर उचलत नव्हते. मी फळ्यावरचं समीकरण अर्धं टाकून निघालो, नाक्यावर अकोल्याची एसटी पकडली, मूर्तिजापूरपर्यंत उभा राहून गेलो आणि दोन तासांत कौलखेडला पोहोचलो. घराला कुलूप. देवमनकाकांनी सांगितलं की पुंजाजी विहाराच्या कार्यक्रमाला सकाळीच गेले, फोन घरीच चार्जिंगला लावून. आणि जाताना त्यांनी मेन स्विच बंद केला होता. आमच्याकडे घराबाहेर पडताना मेन पाडायची पद्धत आहे. आई तर नळावर जातानासुद्धा पाडायची. मेन बंद, तर वायफाय बंद, तर डबे बंद, आणि चार्जिंगचंही तसंच. बावीस वर्षं पोरांना शिकवतोय की यंत्रणा आखताना आधी माणसाच्या सवयी विचारात घ्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाबा संध्याकाळी परत आले तेव्हा मी पायरीवर बसलो होतो, घामाघूम, बूट काढलेला. घंटा कधी वाजली आणि मी कधी पोहोचलो ते मी सांगितलं. "दोन घंट्यात आलास?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मग त्यांनी स्वतः चहा केला.

मी वायफायसाठी बॅटरीची सोय केली. पुढच्याच शनिवारी दोन वाजता घंटा वाजली. या वेळी फोन पहिल्या रिंगला उचलला गेला. मी तर घरातच हावो, फिरूनच राहिलो, असं बाबा म्हणाले. तुहं यंत्र बिघडलं असन. रविवारी येऊन पाय. मी रविवारी गेलो. सगळं ठीक होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

सागर म्हणाला, वायफाय नाही, सर, त्यापेक्षा दुसरी बिनतारी पद्धत आहे, तीत डबे एकमेकांना निरोप देत देत पुढे पाठवतात. मी तीही केली. स्वयंपाकघरातल्या डब्यानं हॉलच्या डब्याला सांगायचं, हॉलच्यानं दाराजवळच्याला. आमच्या घरात मधे आईचं लोखंडी कपाट आहे, लग्नातलं. त्याच्या आड निरोप पोचत नसावा असा मी निष्कर्ष काढला आणि बाबांना कपाट हलवू का विचारलं. बाबा म्हणाले, ते नाई हालनार. मग मी कपाटाला वळसा घालून आणखी तीन डबे लावले. मार्चअखेर घरात माणूस एक आणि डबे सात झाले. शनिवारची घंटा वाजतच राहिली.

मे महिन्यात मला वाटलं, सापडलं. हे डबे माणसाच्या अंगाची ऊब पाहतात. अकोल्यात मेमध्ये भिंत, खुर्ची, हवा आणि माणूस सगळे एकाच तापाचे असतात, तेव्हा डब्याला बिचाऱ्याला माणूस कुठला आणि भिंत कुठली हे कळणार कसं? या शोधानं मी इतका खूश झालो की त्यावर एक टिपण लिहून प्राचार्यांना दिलं. पण मग फक्त शनिवारीच का, असं त्यांनी विचारलं. मी वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन शनिवारी दुपारी व्होल्टेज पडतं का याची चौकशी केली. तिथल्या साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आमच्याकडून शनिवारी काही होत नाही असं सांगितलं. आणखी बसायचं असेल तर बसा, असंही ते म्हणाले. माझी एव्हाना अशी अवस्था दिसत असावी.

दर रविवारी मी अकोल्याला जात होतो. संध्या सकाळी जेवणाचा डबा भरून द्यायची आणि काही बोलायची नाही. कौलखेडच्या घरात मी स्टुलावर, बाबा खाली स्टूल धरून, असा आमचा दिवस जायचा. दुपारी मैनाबाई भाकरी आणि वांग्याची भाजी ठेवून जायची आणि जाताना पुटपुटायची की म्हाताऱ्याचं काही खरं नाही. मला वाटायचं ती त्यांच्या तब्येतीबद्दल बोलतेय, म्हणून मी आणखी एक डबा लावायचा विचार करायचो.

जूनमध्ये मी शरण गेलो आणि तारेवर आलो. दोन तारांची एक जुनी, कारखान्यात वापरतात ती पद्धत आहे. मी ती बावीस वर्षं शिकवतो, आणि सागरच्या नादानं घरी मात्र वापरली नव्हती. घरकी मुर्गी दाल बराबर. दोन पिळलेल्या तारा घरभर एका रांगेत फिरवायच्या, एकामागून एक डबे जोडत. वायरमन बोलावला. त्यानं त्याच्या सवयीप्रमाणे सगळ्या तारा एका जंक्शनमध्ये आणून बांधल्या, घराच्या फिटिंगला बांधतात तशा. मी सांगितलं, रांगेनं न्या. तो म्हणाला, साहेब, तीस वर्सं झाले, एवढे घरं केले, कोनी मरलं नाई. त्याला घालवून मी स्वतः बसलो. दोन रविवार भिंतीवर पट्ट्या ठोकण्यात गेले. एकदा अंगठ्यावर हातोडी बसली तेव्हा बाबांनी हळद लावून चिंधी बांधली, आणि अंगठा धरून जरुरीपेक्षा जास्त वेळ बसले.

तारा जोडताना मी त्यांना पद्धत समजावून सांगत होतो. या तारेवर कोणताच डबा आपण होऊन बोलत नाही, बाबा. मधला मोठा डबा एकेकाला विचारतो, तू कसा आहेस? ज्याला विचारलं त्यानंच उत्तर द्यायचं. बाकीचे गप्प.

"बरोबर हाय," बाबा म्हणाले. "इचारल्याशिवाय कोन सांगते."

मला त्यांची समज फार आवडली. पोरांना हे दोन-दोन तास कळत नाही.

जुलैत यंत्रणा पूर्ण झाली. मी ती मीटर लावून तपासली, एकदा नाही, चाळीस वेळा. चूक नावाला नव्हती. आणि शनिवारी दोन वाजता घंटा वाजली: हॉलमध्ये हालचाल नाही. मी फोन केला. बाबा म्हणाले, घरातच फिरून राहिलो, यंत्र बिघडलं असन, उद्या येऊन पाय. त्या दिवशी मी मोबाइल गादीवर आपटला. पन्नाशी उलटलेल्या, विषयाचा विभागप्रमुख असलेल्या माणसाला दोन तारांनी हरवावं, आणि तेही दर आठवड्याला ठरल्या वेळी, हे कसं सहन करायचं? संध्या म्हणाली, एखाद्या शनिवारी जाऊनच बघा ना. मी म्हणालो, शनिवारी कॉलेज असतं. ती म्हणाली, कॉलेज काही पडत नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी रजा टाकली आणि कोणालाही न सांगता निघालो. चोर रंगेहाथ पकडायचा होता. पिशवीत मीटर, टेस्टर, जास्तीची तार. साडेबाराला कौलखेडला उतरलो आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबलो.

बाबा ओट्यावर लाकडी खुर्चीत बसले होते. घराचं दार ओढून घेतलेलं. अंगात बाहेर जायचा पांढरा सदरा, वरपर्यंत गुंड्या लावलेल्या. बाजूला स्टुलावर टेबलघड्याळ आणि मोबाइल. मैनाबाईनं आणलेला जेवणाचा डबा कठड्यावर, न उघडलेला. सेन्सरच्या डब्यांपैकी एकाचीही नजर ओट्यावर पडत नव्हती, ही गोष्ट माझ्याइतकी आणखी एकाच माणसाला माहीत होती, आणि तो माणूस माझ्यासाठी स्टूल धरून उभा राहायचा. उकाडा होता, हवा हलत नव्हती. देवमनकाका पायरीवर बसून त्यांना म्हणत होते की आत चाल, घोटभर चहा करू. बाबा म्हणाले, दोन वाजेपर्यंत नाई.

मी फाटक उघडलं. बाबांनी मला पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं, आणि परीक्षेत कॉपी करताना सापडलेलं पोर उभं राहतं तसे उभे राहिले. ते दृश्य मला विसरता येत नाही.

"इथं काय करता, बाबा?" मी विचारलं.

 देवमनकाकाच म्हणाले, "तुह्या फोनची वाट पाहून राहिले. दर शनिवारी आठ वाजल्यापासून बसते. आत जाऊन पानी बी पेत नाई. मैनाबाईले बी दारातून वापस पाठवते. मी म्हनलं, पोराले सरळ फोन लाव ना, त फोन लावत नाई." मग ते उठले, चप्पल घातली आणि आपल्या घरी गेले. चाळीस वर्षं एसटीत काढलेल्या माणसाला कुठे उतरायचं ते कळतं.

मी पायरीवर बसलो. बाबाही बसले. त्यांनी घड्याळाची चावी फिरवली.

"खोटं सांगतलं म्या तुले," ते म्हणाले. "चौतीस वर्सात एक रीडिंग खोटं लेहलं नाई. पाऊस नाई आला त नाई लेहलं. अन् तुले दर शनिवारी खोटं सांगतलं का मी घरात फिरून राहिलो."

मी म्हणालो, बाबा, फोन तुम्हीही करू शकत होते. ते म्हणाले, फोन करून काय सांगाचं? मले काई काम नोयतं. तू शिकवत असशीन, मंधातच काहून बोलवाचं? मग त्यांनी घड्याळ स्टुलावर ठेवलं आणि माझ्याकडे न पाहता जे विचारलं ते मी जन्मभर विसरणार नाही.

"तुले माहं सारं मालूम होते. मी कवा उठलो, कवा मोरीत गेलो, सारं. डबा लागला अन् तुहा फोन बंद झाला. मंग तू कसा हायेस, हे मले कसं मालूम पडन?"

मी मोबाइल काढला. वाद घालायला नव्हे, सवयीनं, नोंद पाहायला. जानेवारीच्या शेवटापासून मी बाबांना केलेले सगळे फोन त्यात होते. एकूण चोवीस. प्रत्येकाच्या आधी, एक-दोन मिनिटं आधी, घंटा वाजल्याची नोंद होती. घंटेशिवाय केलेला फोन एकही नव्हता. बरोबर मोजलेलं, न चुकणारं, माझ्याच यंत्रणेनं दिलेलं रीडिंग होतं ते. मला फार लाज वाटली. आई पडली तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि आता सगळं माहीत असूनही मी तसाच चहा प्यायला गेलो होतो, फरक इतकाच की सात महिने.

डबे काढून टाकतो, असं मी म्हणालो. बाबा म्हणाले, राहू दे, तुह्या जिवाले बरं. मग आम्ही आत गेलो, आणि घरातले सगळे दिवे एकदम लागले, कारण ते माझ्या हातचं काम होतं आणि त्यात काहीच दोष नव्हता. आम्ही जेवलो. वांग्याची भाजी होती. परतीच्या बसमधून, मूर्तिजापूर सोडल्यावर, मी त्यांना फोन केला. काय करून राहिले, मी विचारलं. बसून हावो, ते म्हणाले. मग मला काही सुचेना आणि त्यांनाही. पण कोणी ठेवला नाही. बडनेरा येईपर्यंत मला त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता आणि त्यांना माझ्या बसचा. मधे एकदा त्यांनी विचारलं, खिडकी भेटली का?

त्यानंतर मी रोज फोन करू लागलो. एकदा त्यांनी माझ्या विद्यार्थ्यांची संख्या विचारली, एकदा संध्याच्या गुडघ्याबद्दल. आम्ही दोघंही या विषयात कच्चे, पण रोज थोडं जमत होतं. शनिवारची घंटा बंद झाली. स्टाफरूममध्ये प्राचार्यांनी दोष कुठे सापडला विचारलं. मी म्हणालो, अमरावतीच्या टोकाला होता. त्यांनी मान डोलावली.

आता इथे थांबलो असतो तर गोष्ट बरी दिसली असती. पण ऑक्टोबर सरला आणि प्रॅक्टिकल परीक्षा आल्या. बाहेरचे परीक्षक यायचे, त्यांना स्टेशनवरून आणायचं, जेवू घालायचं, गुणांच्या याद्या. एक दिवस फोन राहिला. उद्या करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहा वाजले, म्हटलं झोपले असतील. तसे पाच दिवस गेले. मी वाईट माणूस आहे असं नाही, पण पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी, शनिवारी, प्रयोगशाळेत तोंडी परीक्षा चालू असताना दोन वाजता माझा मोबाइल वाजला. हॉलमध्ये हालचाल नाही.

मी उठून व्हरांड्यात आलो आणि नंबर लावला. रिंग जाईपर्यंत जे दोन-तीन क्षण जातात त्यांत माझ्या लक्षात आलं की आता ही घंटा मला काहीच सांगू शकत नाही. बाबा ओट्यावर सदऱ्याच्या गुंड्या लावून बसले आहेत की आत फरशीवर पडले आहेत, दोन्हींचं रीडिंग एकच. 

पहिल्याच रिंगला उचलला.

"कामात होता काय?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा. बोला."

 त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे गल्लीतून जाणाऱ्या एका ऑटोचा आवाज. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मला रडू आलं. प्रयोगशाळेच्या दारातून बाहेरच्या परीक्षकांनी डोकं काढलं, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं आणि काय झालं म्हणून खुणेनं विचारलं.

मी मोबाइलवर हात ठेवला आणि म्हणालो, "वडिलांचा फोन आला आहे."